अंतोनोव्काचा घमघमाट

दरवर्षी 19 ऑगस्टला रशियातल्या चर्चांच्या आवारात सफरचंदांच्या टोपल्या मांडून माणसं रांगेत उभी राहतात. पाद्री येतो, हातातल्या कुंच्यानं पवित्र पाणी शिंपडतो. ते फळांवर पडतं, आजीबाईंच्या डोक्यावरच्या रुमालावर पडतं आणि पुढे घुसलेल्या पोरांच्या तोंडावरही पडतं. ऑर्थोडॉक्स पंचांगात हा येशूच्या दिव्य रूपांतराचा सण, पण लोक त्याला ओळखतात तो सफरचंदांचा सण म्हणून. या दिवसापर्यंत नव्या हंगामातलं सफरचंद तोंडात घालायचं नाही, असा जुना रिवाज आहे. श्रद्धाळू घरांतून तो आजही पाळला जातो.

गंमत अशी, की रशियनांचं सगळ्यात लाडकं सफरचंद, अंतोनोव्का, या टोपल्यांत नसतंच. तिथे दिसतात ती 'बेली नालिव' किंवा 'मॉस्कोची ग्रुशोव्का' यांसारखी लवकर पिकणारी, चार दिवसांत मऊ पडणारी उन्हाळी फळं. अंतोनोव्का तेव्हा अजून झाडावर असते. हिरवीकंच, कडक आणि दात आंबून जातील इतकी आंबट. तिला सप्टेंबर लागतो. शाळा सुरू झालेल्या असतात, पहाटे गवतावर गार दव पडायला लागलेलं असतं, तेव्हा कुठे ती उतरवतात. उतरवल्यावरही लगेच खात नाहीत. दोन-तीन आठवडे घरात ठेवली की हिरवा रंग फिकट पिवळ्याकडे झुकतो, आंबटपणाची धार उतरते आणि मग ज्या गोष्टीसाठी हे फळ ओळखलं जातं ती गोष्ट सुरू होते: वास. एका खोलीत टोपलीभर अंतोनोव्का ठेवली, तर घरात पाऊल टाकणाऱ्याला विचारावं लागत नाही.

दिसायला ती सामान्यच. वजन साधारण 120 ते 150 ग्रॅम, भरघोस फळ असेल तर त्याच्या दुप्पट. आकाराला शिस्त नाही. एक चपटं, तर दुसरं उभट. अंगावर उभे अस्पष्ट कंगोरे आणि देठाच्या खळग्याभोवती तपकिरी, खरबरीत डाग. लाली औषधालाही नाही. महाराष्ट्रात सफरचंद म्हटलं की जे लालचुटूक, गोड, आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीतून न्यायचं फळ डोळ्यांपुढे येतं, त्याच्या शेजारी अंतोनोव्का ठेवली तर कुणी तिला हातही लावणार नाही. आपल्या मनातलं हे सफरचंद मुळात अमेरिकन वळणाचं आहे. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थानं 1916 च्या सुमारास हिमाचलातल्या कोटगढ भागात 'डिलिशस' जातीची कलमं लावली, ती फोफावली, आणि भारतीय बाजारात सफरचंदानं लाल आणि गोडच असायचं हे ठरून गेलं. सफरचंद शिजवायचं असतं, आंबवायचं असतं, पिंपात मुरवायचं असतं, हा विचार आपल्या स्वयंपाकघरात फारसा शिरलाच नाही.

थंड प्रदेशांत मात्र तो विचार पहिला. इंग्लंडात 'ब्रॅम्ली' हे सफरचंद केवळ शिजवण्यासाठीच पिकवतात. ते नुसतं खाणारा विरळा. अंतोनोव्का या दोन्ही जगांत वावरते. आधी ती भांड्यात जाते, आणि पिवळी पडली की हातात घेऊन नुसतीही खाल्ली जाते. तिच्यात साखर साधारण 9 टक्के आणि आम्ल 1 टक्क्याच्या आसपास असतं. बाजारातल्या गोड सफरचंदांत आम्लाचं प्रमाण बहुधा याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी भरतं. या आंबटपणाला पेक्टिनची जोड आहे. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ. आम्ल, साखर आणि पेक्टिन एकत्र तापले की मिश्रण आपोआप घट्ट होऊन थिजतं. मुरांबा, जॅम, जेली यांचं सगळं गणित यावर चालतं. निसर्गानं यातले आम्ल आणि पेक्टिन हे घटक एका फळात भरपूर भरून ठेवले असतील, तर स्वयंपाकिणीचं अर्धं काम झालेलंच असतं.

हे फळ कुणी 'तयार' केलं? कुणीच नाही. अंतोनोव्का ही लोकांनी निवडत निवडत टिकवलेली जात आहे. कुठल्या तरी बागेत आपोआप उगवलेलं एक रोप चांगलं निघालं, शेजाऱ्यानं त्याची काडी नेऊन कलम केलं, त्याच्याकडून तिसऱ्यानं नेलं. तिचं माहेर म्हणून मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या कुर्स्क आणि तुला या प्रांतांची नावं घेतली जातात. लागवडीच्या सफरचंदाचा तिथल्या रानटी सफरचंदाशी संकर होऊन ती जन्मली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. 1848 मध्ये क्रास्नोग्लाझोव्ह या बागायततज्ज्ञानं तिची छापील नोंद केली, तीच तिची पहिली शास्त्रीय ओळख मानतात. शेतकऱ्यांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती, यात शंका नाही.

तुला प्रांताचा उल्लेख आला की आंद्रेई बोलोतोव्ह याचं नाव टाळता येत नाही. 1738 मध्ये जन्मलेला हा जमीनदार सैन्यातून लवकर मोकळा झाला आणि पुढचं जवळपास सगळं आयुष्य त्यानं झाडांमध्ये काढलं. आपल्या आणि आसपासच्या बागांतल्या सहाशेहून अधिक सफरचंद-नासपतींच्या जाती त्यानं तपासल्या, त्यांची वर्णनं लिहिली आणि रंगीत चित्रंही काढली. खंडांमागून खंड भरले. एका माणसानं, एका जिल्ह्यात बसून. या भागातल्या शेतकऱ्यांकडे आणि जमीनदारांकडे किती प्रकारची सफरचंदं होती याचा अंदाज त्यावरून येतो. अंतोनोव्का जिंकली ती या सहाशेंच्या गर्दीत.

आणि मग तिला लेखक मिळाला.

इव्हान बुनिन तीस वर्षांचा असताना, 1900 मध्ये, त्याची 'अंतोनोव्काची सफरचंदं' ही कथा प्रसिद्ध झाली. कथा म्हणावी असं तिच्यात काही घडत नाही. नायक नाही, खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही. आहे तो फक्त ऑगस्ट-सप्टेंबरातला एक जुना वाडा, त्यामागची बाग आणि आठवणी. बाग मक्त्यानं घेतलेले व्यापारी झोपडी घालून राहिले आहेत. रात्री शेकोटी पेटली आहे. सफरचंदं भरलेल्या गाड्या अंधारातच शहराकडे निघतात, आणि गाडी भरणारा शेतकरी फळं कराकरा चावत राहिला तरी बागवाला त्याला अडवत नाही. कथा पुढे सरकते तसे जमीनदारांचे वाडे ओस पडत जातात आणि सफरचंदांचा तो वास विरत जातो. जहागिऱ्या संपत चालल्याची गोष्ट बुनिननं एका वासाच्या आधारानं सांगितली. ज्यांच्या श्रमावर ते वाडे उभे होते त्यांच्याबद्दल तो पुरेसं बोलत नाही, ही तक्रार तेव्हाही झाली होती आणि ती खोटी नाही. पण गद्य असं, की रशियातल्या शाळकरी मुलांना आजही ही कथा अभ्यासाला असते.

बुनिन क्रांतीनंतर, 1920 मध्ये देश सोडून फ्रान्सला गेला तो परत आलाच नाही. 1933 मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. असा मान मिळवणारा तो पहिला रशियन लेखक. 1953 मध्ये पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. सोव्हिएत प्रकाशनांची मराठी भाषांतरं वाचत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला टॉलस्टॉय, चेखव, गॉर्की घरचे वाटतात. बुनिनशी तेवढी ओळख झाली नाही. देश सोडून गेलेल्याची पुस्तकं मॉस्कोहून स्वस्तात येण्याची शक्यताही कमीच होती.

साहित्य बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जावं, कारण अंतोनोव्काचा खरा मुक्काम तिथे आहे.

पहिला मान पस्तिलाचा. आंबापोळी ज्यांनी वाळत घातलेली पाहिली आहे त्यांना हा पदार्थ समजायला वेळ लागणार नाही. फळाचा गर पसरून सुकवायचा, मूळ कल्पना तीच. फरक आहे तो हवेचा. अंतोनोव्का आधी भट्टीत भाजून मऊ करतात, गर चाळणीतून घासून साली-बिया वेगळ्या काढतात, मग त्यात साखर आणि अंड्यातला पांढरा भाग घालून फेटायला घेतात. फेटत राहतात. तपकिरी गर हळूहळू फिका पडतो, फुगतो, पांढरट फेसाळ होतो. पूर्वी हे काम हातानं चाले आणि दमलेला हात दुसऱ्याकडे सोपवत तासन्‌तास चाले. हा फेस थरांत पसरून मंद आचेवर सुकवायचा. चूल विझल्यावरही विटांची रशियन भट्टी रात्रभर ऊब धरून राहते. तिच्या त्या उतरत्या उष्णतेत हे थर वाळत. मग एकावर एक रचून, मध्ये त्याच फेसाचा लेप देऊन, लादी तयार करायची.

दुसऱ्या सफरचंदाची पस्तिला होत नाही असं नाही. पण कमी पेक्टिनचा गर फेटला तर फेस धरत नाही, आणि धरला तरी सुकताना बसतो. शिवाय गोड सफरचंदात साखर घातली की चव एकसुरी होते. अंतोनोव्काचा आंबटपणा साखरेच्या वर डोकं काढून राहतो. म्हणून पस्तिला करणारे आजही दुसरं फळ घ्यायला नाखूश असतात.

या पदार्थाची दोन गावं प्रसिद्ध आहेत. एक मॉस्कोच्या आग्नेयेला असलेलं कोलोम्ना, दुसरं तुला प्रांतात ओका नदीकाठचं बेल्योव्ह. बेल्योव्हमध्ये अम्व्रोसी प्रोखोरोव्ह या व्यापाऱ्यानं 1888 मध्ये हा धंदा उभा केला आणि त्याची पस्तिला मोठ्या शहरांतल्या दुकानांत जाऊ लागली. क्रांतीनंतर खाजगी कारखाने गेले. सोव्हिएत मिठाई-कारखान्यांनी पस्तिला नावाचा पदार्थ चालू ठेवला खरा, पण तो यंत्रावर झटपट होणारा, घट्ट करण्यासाठी वेगळे पदार्थ घातलेला आणि जुन्या थरांच्या लादीशी नावापुरतंच नातं सांगणारा. जुनी पद्धत परत आली ती अलीकडे. कोलोम्नात 2009 मध्ये पस्तिलाचं संग्रहालय निघालं. तिथे जुन्या काळच्या पोशाखातले लोक चहाबरोबर पस्तिला वाढतात आणि पर्यटक रांगा लावतात. नाटकीपणा आहे थोडा. पण त्यामुळे एक विसरलेली कृती पुन्हा गावाच्या पोटापाण्याचं साधन झाली, हे मान्य करावंच लागतं.

दुसरा प्रकार भारतीय जिभेला जरा विचित्र वाटेल: मुरवलेली सफरचंदं. ही कापायची नाहीत, शिजवायची नाहीत. तोडलेली अंतोनोव्का दोन-तीन आठवडे ठेवतात. ओकच्या पिंपाच्या तळाला उकळत्या पाण्यातून काढलेलं राय धान्याचं काड पसरतात, त्यावर काळ्या करंटची आणि चेरीची पानं, मग देठ वर करून सफरचंदांचा थर. पुन्हा काड, पुन्हा पानं, पुन्हा फळं. वरून ओततात ते पाणी, त्यात मध किंवा साखर, थोडं मीठ आणि राय धान्याचं पीठ किंवा माल्ट. लाकडी झाकणावर वजन ठेवलं की पिंप काही दिवस उबदार जागी राहतं. बुडबुडे येऊ लागले, वर फेस धरला, की त्याची रवानगी तळघरात.

यात नवशिक्याची फसगत एका ठिकाणी ठरलेली. पहिल्या आठवड्यात फळं पाणी पीत असतात. पातळी उतरते, वरचा थर उघडा पडतो आणि सडतो. म्हणून घरातलं जाणतं माणूस रोज झाकण उचलून बघतं आणि लागेल तसं पाणी घालतं. महिना-सव्वा महिन्यात फळं तयार होतात. लॅक्टिक आम्ल आणि किंचित मद्यार्क अशी दोन्ही प्रकारची आंबवण फळात झालेली असते. साल तशीच टणटणीत, आत गर पारदर्शक झालेला, आणि चावताच जिभेवर सोड्यासारखी चुणचुण. भाजलेलं बदक, हंस, डुक्कर अशा चरबीच्या मांसाबरोबर ही खातात. वोडकाच्या घोटानंतरही खातात. ताज्या फळांशिवायच्या लांब हिवाळ्यात आंबट, रसरशीत असं काहीतरी ताटात असणं, ही या पदार्थामागची साधी गरज. कोबीचं लोणचं घालतानाही थरांमध्ये अंतोनोव्काच्या फोडी टाकतात त्या याच कारणानं.

शार्लोत्का मात्र सोपी. मारी-आंत्वान कारेम या विख्यात फ्रेंच आचाऱ्याच्या नावावर असलेला 'शार्लोत रूस' हा बिस्किटांच्या चौकटीत मलई थिजवण्याचा राजेशाही प्रकार. त्याचं नाव घेतलेला सोव्हिएत घरचा केक मात्र अगदी गरिबाघरचा. अंडी, एक ग्लास साखर, एक ग्लास मैदा आणि चिरलेली सफरचंदं. लोणीसुद्धा लागत नाही. ग्लास म्हणजे तो प्रसिद्ध पैलूदार काचेचा सोव्हिएत ग्लास, काठोकाठ भरला की 250 मिलिलिटर. घरोघरी तोच, त्यामुळे कृती फोनवरही सांगता येई. ओव्हनमधून बाहेर येताना त्या गोड केकमध्ये आंबट फोडी विरघळून गेलेल्या असतात. गोड सफरचंद घालून केलेली शार्लोत्का नुसतीच गोड लागते, आणि रशियन बायका ती खाऊन झाल्यावर 'अंतोनोव्का मिळाली नाही का?' असं विचारायला कमी करत नाहीत.

एवढं सगळं एका फळाभोवती गोळा झालं त्याचं कारण चवीइतकंच झाडाच्या चिवटपणात आहे. मध्य रशियात हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जाणं नवलाचं नाही. फ्रान्स-जर्मनीहून आणलेली उत्तमोत्तम झाडं तिथे दोन-चार वर्षं जगत आणि एखाद्या कडक हिवाळ्यात खोडापर्यंत काळी पडत. 1939-40 च्या हिवाळ्यानं तर रशियाच्या युरोपीय भागातल्या बागांच्या बागा मारल्या. अंतोनोव्कालाही अशा वर्षी फटका बसतो, पण ती बुंध्यातून पुन्हा फुटते. झाड मोठं होतं, साठ-सत्तर वर्षं जगतं, आणि भरात असलेलं एकच झाड 200 किलोहून अधिक फळ देऊ शकतं. फळ धरायला सात-आठ वर्षं वाट पाहावी लागते, ही तिची खोड.

हा चिवटपणा इव्हान मिचुरिनला ठाऊक होता. तांबोव्ह प्रांतातल्या कोझ्लोव्ह या गावी रेल्वेत कारकुनी करता करता त्यानं भाड्याच्या जागेत रोपवाटिका काढली. त्याची सुरुवातीची कल्पना अशी, की दक्षिणेकडच्या नाजूक जातींची कलमं थंडीला सरावलेल्या झाडांवर बांधली की हळूहळू त्याही थंडीला सरावतील. वर्षानुवर्षांची मेहनत कडाक्याच्या थंडीत गेली. तेव्हा त्यानं ती वाट सोडली आणि लांबलांबच्या प्रदेशांतल्या जातींचे संकर करून नव्या रोपांतून निवड करायला घेतली. मधल्या काळात, 1888 मध्ये, त्याला मोगिल्योव्हच्या पांढऱ्या अंतोनोव्काच्या एका झाडावर वेगळी फांदी दिसली. फळं बाकीच्या झाडापेक्षा बरीच मोठी. त्यानं ती फांदी कलमानं वेगळी वाढवली. या जातीचं नाव 'दीड पौंडी अंतोनोव्का'. जुना रशियन पौंड साधारण 410 ग्रॅमचा, म्हणून तिला 'सहाशे ग्रॅमची' असंही म्हणतात. रोजचं फळ अर्थात एवढं भरत नाही. नाव सर्वोत्तम फळावरून पडलं आहे.

पुढे मिचुरिन सोव्हिएत सत्तेचा लाडका झाला. 1932 मध्ये, तो हयात असतानाच, कोझ्लोव्हचं नाव मिचुरिन्स्क झालं. 1935 मध्ये तो गेला आणि त्याच्या नावाचा झेंडा त्रोफिम लिसेन्कोनं उचलला. आनुवंशिकीचं शास्त्रच नाकारणाऱ्या लिसेन्कोच्या काळात निकोलाय वाव्हिलोव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तुरुंगात टाकला गेला आणि 1943 मध्ये सारातोव्हच्या कैदेत मेला. याच वाव्हिलोव्हनं 1929 मध्ये अल्मा-आताच्या डोंगरांत रानटी सफरचंदांची जंगलं पाहून सफरचंदाचं मूळ मध्य आशियात असल्याचं ताडलं होतं. पुढच्या जनुकीय अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. मिचुरिनची बागेतली प्रामाणिक खटपट आणि त्याच्या नावावर झालेला अत्याचार, यांची गल्लत करू नये. दोन्हींची जात वेगळी.

अंतोनोव्का रशियाबाहेर गेली ती बहुतांशी जमिनीखालून. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड मिळत नाही. म्हणून कुठल्या तरी रोपाचा खुंट घेऊन त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. खुंट थंडीत मेला तर वरच्या जातीचं कौतुक काय कामाचं? अंतोनोव्काच्या बियांपासून आलेली रोपं एकसारखी वाढतात, मुळं खोल सोडतात आणि कडाक्याची थंडी सोसतात. त्यामुळे पोलंड, बाल्टिक देश आणि फिनलंडपासून कॅनडापर्यंतच्या रोपवाटिकांत ती खुंट म्हणून वापरात आली. तिथल्या अनेक झाडांवर भलत्याच जातीची लाल फळं लटकत असतात आणि मुळं अंतोनोव्काची असतात. पोलंडच्या संशोधकांनी तर तिचा बुटक्या 'एम 9' खुंटाशी संकर करून 'पी 2', 'पी 22' असे नवे खुंट काढले: थंडी सोसणारे आणि झाड आटोक्यात ठेवणारे.

अमेरिकेची गोष्ट जरा वेगळी. तिथल्या शेतीखात्यानं 1870 मध्ये सेंट पीटर्सबर्गहून रशियन सफरचंदांच्या 252 जातींच्या काड्या मागवल्या. 1882 मध्ये आयोवाचे प्राध्यापक जोसेफ बड आणि क्वेबेकचे चार्ल्स गिब हे खुद्द रशियात फिरून आले. मध्य-पश्चिमेकडच्या कुरणांवर टिकेल असं झाड त्यांना हवं होतं. प्रत्यक्षात नावांचा गोंधळ झाला, तिथल्या कडक उन्हाळ्यात फळं फार लवकर पिकून गळू लागली, रोगांनी गाठलं. बहुतेक जाती मागे पडल्या. अंतोनोव्का तरली, कारण तिच्याकडून फळापेक्षा मुळांची अपेक्षा धरली गेली. शिवाय तिच्यात आणखी एक गुण निघाला. हिमाचल-काश्मीरच्या बागायतदारांना 'स्कॅब' हा शब्द माहीत आहे. पानांवर-फळांवर काळपट खरूज आणणारी ती बुरशी. अंतोनोव्काच्या काही रोपांत तिला तोंड देण्याची ताकद आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्रानं 1983 मध्ये आणलेल्या 'फ्रीडम' या जातीत तो वारसा आहे. ओर्योलच्या संशोधन संस्थेनं काढलेली 'इम्रुस' ही तर थेट अंतोनोव्काची मुलगी. मिचुरिन्स्कचं 'बोगातिर' हे मोठं, टिकाऊ सफरचंदही तिचंच अपत्य.

मग एवढी गुणाची जात बाजारात दिसत का नाही? कारण बाजाराला लागणारे गुण तिच्यात नाहीत. साठवणीत तिच्या सालीवर तपकिरी चट्टे उमटतात, नाताळ-नववर्षाच्या पुढे तिला टिकवणं कठीण. फिकट सालीवर बोटाचा दाबसुद्धा दिसतो. झाड एक वर्ष लदबदतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतं. सुपरमार्केटला हा लहरीपणा चालत नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये रशियानं युरोपातल्या फळांवर बंदी घातली, तेव्हा सगळ्यात मोठा फटका पोलंडच्या सफरचंदांना बसला. पोलिश लोकांनी चिडून 'सफरचंद खा' अशी मोहीम काढली. बंदीनंतर रशियाच्या दक्षिणेत, क्रास्नोदार आणि कबार्दिनो-बल्कारियात नव्या बागा झपाट्यानं उभ्या राहिल्या. त्या बागांत गाला, गोल्डन अशा पाश्चात्त्य जाती लागल्या. आयातीची जागा भरून काढायची होती, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला जे पाहायची सवय झाली होती तेच लावलं गेलं.

अंतोनोव्का उरली ती दाचांमध्ये, म्हणजे शहराबाहेरच्या बागवजा घरांमध्ये. शहरी माणसाला सोव्हिएत काळात मिळालेल्या 600 चौरस मीटरच्या त्या ठरीव तुकड्यावर एक तरी झाड असतंच. बहराच्या वर्षी त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. जॅम झाला, सुकवून झाली, शेजाऱ्यांना दिली. शेजाऱ्यांच्याही झाडाला तेवढीच लागलेली. मग हमरस्त्याच्या कडेला आजीबाई स्टुलावर बसतात आणि समोर अंतोनोव्काच्या बादल्या मांडतात. भाव बादलीचा, वजनाचा नाही.

कुर्स्कनं मात्र या फळाला शहराची खूण मानलं आहे. 1943 च्या रणगाड्यांच्या लढाईसाठी जगाला माहीत असलेल्या या शहरात 2008 पासून अंतोनोव्काचं धातूचं भलंमोठं शिल्प उभं आहे. ते व्याचेस्लाव क्लिकोव्ह या कुर्स्क प्रांतातल्याच शिल्पकाराचं. कुर्स्कच्या वैद्यकीय विद्यापीठात इंग्रजीतून शिक्षण मिळतं, म्हणून भारतातून बरीच मुलं तिथे जातात, त्यांत मराठीही असतात. त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुपरमार्केटमध्ये न शोधता शेतकऱ्यांच्या बाजारात जावं. चकचकीत, एकसारखी रचलेली फळं सोडून वेडीवाकडी, कंगोरेवाली, डागाळलेल्या देठाची बघावीत. खाली पडलेली स्वस्त असतात. ती त्याच दिवशी शिजवायची असतील तरच घ्यावीत. हिरवी असतील तर खोलीत पसरून पंधरा दिवस थांबावं, पिवळी झाली की खावीत, आणि सालीवर चट्टे दिसू लागले की उरलेली सोलून, चिरून, अंडी-साखर-मैद्यासकट सरळ ओव्हनमध्ये घालावीत.